२ लाख ४१ हजार किलोमीटर झालेली डिझेल डिझायर: टायमिंग चेन बदलायची का?

गाडी २०१२ सालची स्विफ्ट डिझायर, डिझेल. मालक यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातले, कापूस-सोयाबीनवाले. त्यांची तक्रार एका वाक्यात सांगून झाली: "मिस्त्री, सकाळी सेल्फ मारला का समोरून खडखड येते अन् मंग आपोआप बंद होते. चेन टाका लागते म्हणतेत लोकं, खरं हाय का?"

टायमिंग चेन म्हणजे क्रँक (पिस्टन फिरवतात तो दांडा) आणि कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) यांचा मेळ राखणारी इंजिनातली साखळी. ती बदलायची का, या प्रश्नाला आपल्याकडे दोन तयार उत्तरं मिळतात. एक, चेन लाइफटाइम असते, हात लावू नका. दुसरं, दोन लाख झाले ना, मग बदलून टाका. दोन्ही उत्तरं गाडी न पाहता दिलेली असतात. या गाडीचा निर्णय व्हायला आठवडाभर लागला. पाना चालला तो शेवटचे दोन दिवस, त्याआधीचा सगळा वेळ ऐकण्यात आणि मोजण्यात गेला. तो सगळा क्रम इथे मांडतो.

ज्यांनी मारुती ८०० किंवा ओम्नी वापरली त्यांच्या डोक्यात टायमिंग बेल्ट पक्का बसलेला आहे. बेल्ट रबराचा, त्याचे किलोमीटर गाडीच्या पुस्तकात छापलेले, तेवढे झाले की बदलायचा. चेनसाठी पुस्तकात असा आकडा सहसा नसतो. आकडा नाही म्हणजे चेन झिजत नाही, असा अर्थ लोक काढतात. पण चेनचं आयुष्य किलोमीटरवर कमी आणि ऑइलवर जास्त ठरतं, आणि कोण कसं ऑइल टाकेल हे पुस्तक छापणाऱ्याला कळणार कसं? म्हणून आकडा नाही.

"चेन ताणली" असं आपण म्हणतो खरं, पण लोखंड रबरासारखं ताणलं जात नाही. चेनच्या प्रत्येक सांध्यात पिन आणि तिच्याभोवतीची नळी, म्हणजे बुश, असतात. ते एकमेकांवर घासून थोडे थोडे मोकळे होतात. १२० सांध्यांची चेन धरा. प्रत्येक सांध्यात फक्त ०.०३ मिलिमीटर झीज झाली, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीच्या निम्म्याहूनही कमी, तरी सगळी मिळून ३.६ मिलिमीटर लांबी वाढते. वाढलेला ढिलेपणा टेन्शनर, म्हणजे चेन ताणून धरणारा दट्ट्या, एका बाजूला ओढून घेतो. पण ताणाच्या बाजूची कडी लांब झाली ती झालीच. तेवढा कॅम क्रँकच्या मागे राहतो.

डिझायरमधलं हे १२४८ सीसीचं इंजिन फियाटच्या मल्टिजेट घराण्यातलं. चेन एका कॅमला फिरवते, दुसरा कॅम गिअरने फिरतो, आणि डिझेलचा हाय प्रेशर पंपही कॅमवरूनच चालतो. म्हणजे चेनवर नुसत्या व्हॉल्व्हचा भार नाही, पंपाचाही आहे. टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो. रात्रभर गाडी उभी राहिली की त्यातलं ऑइल खाली उतरतं. सकाळी सेल्फ मारल्यावर पुन्हा दाब तयार होईपर्यंत चेन मोकळी हलते आणि तिला वाट देणाऱ्या प्लॅस्टिकच्या गाइड पट्टीवर आपटते. मालकाला ऐकू येणारी खडखड ती हीच असू शकते. "असू शकते" एवढंच, कारण समोरच्या बाजूने आवाज करणाऱ्या वस्तू आणखीही आहेत.

पहिल्या दिवशी गाडी उघडली नाही, मालकाची डायरी उघडली. या माणसाने प्रत्येक वेळी ऑइल कधी बदललं ते डायरीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलं होतं, आणि निर्णयाला त्या पानाचा इंजिनचे दोष वाचणाऱ्या स्कॅनरपेक्षा जास्त उपयोग झाला. पहिली पाच वर्षं दर १०,००० किलोमीटरला ऑइल बदललं होतं. नंतर अंतर वाढत गेलं. वेचणी आटोपली की बदलू, लग्नसराई झाली की बदलू, असं करत दोनदा १८ हजार आणि एकदा २१ हजारांवर गेलं. मधे डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी, पाहिलेली नाही. या इंजिनात ऑइल बसतं तीन लिटरच्या आसपास. त्यातलं एक लिटर जळून किंवा गळून गेलं की तिसरा हिस्सा गेला. उरलेल्या दोन लिटरमध्ये तीच काजळी, तीच उष्णता. डिझेलच्या जळण्यातून येणारी काजळी ऑइलमध्ये मिसळते, आणि पिन-बुशच्या मधे ती बारीक पॉलिश पेपरसारखं काम करते. चेनच्या झिजेचं मोठं कारण हेच. पांदण रस्त्यावरची धूळ, मे महिन्यातलं ४५ अंशांचं ऊन आणि वरातीत एसी लावून तासतास उभी असलेली चालू गाडी यांनी ऑइल आणखी लवकर मरतं. त्यात मीटर तर पुढे सरकतच नाही, म्हणून मालकाला वाटतं की ऑइल अजून चांगलं आहे.

शेवटच्या नोंदीत आणखी एक गोष्ट सापडली. आवाज दबावा म्हणून कोणीतरी २०डब्ल्यू५० हे जाड ऑइल टाकायला सांगितलं होतं, आणि ते टाकलं होतं. हा सल्ला गावात फार चालतो. गरम इंजिनवर जाड ऑइलने आवाज थोडा दबतो हे खरं. पण आवाज होतो सकाळी थंडीत, आणि थंडीत जाड ऑइल टेन्शनरच्या बारीक भोकापर्यंत उशिरा पोहोचतं. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा १० अंशांच्या खालीही जातो. म्हणजे ज्या दोन-तीन सेकंदांत चेनला दाब हवा, ते वाढून चार-पाच होतात. आवाज दबवायचं औषध रोज सकाळी चेनच झिजवत होतं.

"भाऊ, आज रातभर गाडी इथंच राहू द्या," एवढं त्यांना सांगितलं. थंड इंजिनचा आवाज ऐकायचा तर गाडी निदान आठ तास बंद हवी. घरून चालवत आणलेल्या गाडीत तो सापडत नाही. उन्हाळ्यात तर इंजिन धड थंडच होत नाही, त्यामुळे मे महिन्यात "आवाज गेला" म्हणणारे मालक दिवाळीनंतर परत येतात.

पहाटे सहाला एक जण सेल्फवर, एक जण ड्रायव्हरच्या बाजूच्या पुढच्या चाकाजवळ, कारण या गाडीत चेन त्याच बाजूला आहे, आणि तिसरा मोबाइलवर आवाज टिपायला. सेल्फ नेहमीपेक्षा किंचित लांबला, खडखड चार सेकंद टिकली, मग थांबली. अर्ध्या तासाने पुन्हा चालू केली तर आवाज नाही. एक सेकंदाची खडखड आम्ही फार मनावर घेत नाही. तीनच्या पुढे गेली की शोध घेतो. आणि गरम इंजिनवर आयडलला, म्हणजे रेस न देता, आवाज राहत असेल, रेस दिल्यावर जात असेल, तर ती गाडी त्या दिवशी घरीही चालवत नेऊ देत नाही.

मग बाकीचे आरोपी बाजूला काढायचे. बाहेरचा पट्टा काढून इंजिन चालू करायचं. यात अल्टरनेटरची पुली, पट्ट्याचा टेन्शनर आणि वॉटर पंप तिन्ही एकदम थांबतात. आवाज गेला तर दोष तिथे, राहिला तर आत. वॉटर पंप फिरत नसल्यामुळे अर्ध्या मिनिटाच्या वर चालवायचं नाही, हे विसरून हेड गरम केलेली उदाहरणं आहेत. दुसऱ्या दिवशी पहाटे हीच तपासणी पट्ट्याशिवाय केली आणि खडखड तशीच आली. लांब पेचकसाचं टोक टायमिंग कव्हरवर आणि मूठ कानाला लावली तर आवाज कव्हरच्या मधल्या भागातून येत होता.

स्कॅनर लावला, दोषाचा कोड एकही नाही. इथे बरेच जण थांबतात आणि चेन चांगली आहे म्हणून मोकळे होतात. कॅम आणि क्रँकचा मेळ बिघडला की पी००१६ येतो, पण तो बिघाड ठरलेल्या मर्यादेबाहेर गेल्यावर. कोड आला तर चेनबद्दल जवळपास खात्री धरायची, पण नाही आला म्हणून चेन पास झाली असं होत नाही. पी०३४० किंवा पी०३३५, म्हणजे कॅम किंवा क्रँकच्या सेन्सरचा कोड, आला तर आधी सेन्सर आणि त्याची वायर पाहायची. उंदराने कुरतडलेल्या वायरपायी चेन उतरवू नये. शेतातल्या गोठ्याजवळ उभ्या राहणाऱ्या गाड्यांत हे फार होतं.

आता ऑइल. पुस्तकात दिलेल्या ग्रेडचं ऑइल आणि चांगला फिल्टर टाकला, गाडी मालकाला परत दिली आणि दोनशे-अडीचशे किलोमीटर चालवून आणायला सांगितली. हा टप्पा वगळू नये. स्वस्त, दबलेला फिल्टर आणि चुकीचं ऑइल एवढ्यानेच होणारा आवाज इथे संपतो आणि माणसाचा मोठा खर्च वाचतो. या गाडीत खडखड चारवरून तीन सेकंदांवर आली, पण गेली नाही.

त्याच वेळी जुना फिल्टर फेकून न देता उकलला. या इंजिनात आतला कागदी फिल्टर वेगळा निघतो, त्यामुळे काम सोपं आहे. घड्या कापून पांढऱ्या कपड्यावर पसरायच्या, ऑइल निथळू द्यायचं आणि उन्हात पाहायचं. तीन प्रकारचा कचरा दिसू शकतो. चुंबकाला चिकटणारी बारीक चमक म्हणजे लोखंड. न चिकटणारी चमक म्हणजे बेअरिंग किंवा अॅल्युमिनियम, आणि ती जास्त असेल तर चेनचा विचार सोडून आधी क्रँककडे पाहायचं. तिसरा, नखाने दाबल्यावर वाकणारे गडद प्लॅस्टिकचे तुकडे, म्हणजे गाइड पट्टी. या फिल्टरमध्ये लोखंडाची चमक थोडी होती आणि प्लॅस्टिकचे सात-आठ तुकडे होते, तिळाएवढे. गाइड झिजायला लागली हे नक्की झालं. प्लॅस्टिक संपलं की चेन खालच्या धातूवर घासते, आणि तिथून पुढे दिवस मोजायचे.

तरीही लगेच चेन उतरवली नाही. २ लाख ४१ हजार झालेल्या इंजिनात नवी चेन घालायची तर ते इंजिन तेवढ्या खर्चाला पात्र आहे का, हे आधी पाहिलं पाहिजे. ग्लो प्लग (थंड इंजिन तापवणारे प्लग) काढून चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, घेतलं. आम्ही एकूण आकड्यापेक्षा चौघांमधला फरक जास्त पाहतो. इथे फरक दहा टक्क्यांच्या आत होता. इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण उघडलं, बॅक कॉम्प्रेशनचा, म्हणजे पिस्टनजवळून खाली निसटणारा, धूर बेताचाच. ऑइल प्रेशरच्या स्विचच्या जागी गेज लावला. गरम इंजिनवर आयडलला १ बारच्या खाली दाब असेल तर आम्ही चेन किट, म्हणजे चेन आणि तिच्यासोबतच्या भागांचा संच, गळ्यात मारत नाही, कारण दाब नसलेल्या इंजिनात नवा टेन्शनरही सकाळी तसाच वाजेल. इथे आयडलला दीडच्या जवळ होता आणि रेस दिल्यावर व्यवस्थित चढत होता. टर्बोची दांडी हाताने हलवून पाहिली, इंजेक्टरची रिटर्न लाइन मोजली. इंजिन दमदार होतं, दोष चेनचाच.

खरा निकाल दिला टायमिंग पिनांनी. या इंजिनाचं व्हॉल्व्ह कव्हर उघडून चेन बोटाने दाबून पाहता येत नाही, कॅम बंद डब्यात आहेत. पण फ्लायव्हील (क्रँकच्या टोकाचं जड चाक) अडकवायला एक पिन आणि कॅमसाठी डब्याच्या बुचाच्या जागी बसणारी टूल मिळतात. फ्लायव्हीलची पिन बसली की कॅमची टूलही हाताने, जोर न लावता, आत गेली पाहिजेत. इथे ती गेली नाहीत. मग फ्लायव्हीलची पिन काढून, इंजिन हळूहळू पुढे फिरवत कॅमची टूल जिथे बसली तिथे थांबलो. क्रँक किती पुढे गेला ते पुलीवर खुणा करून मोजायचं. पुलीचा व्यास १५० मिलिमीटर असेल तर परीघ ४७१, म्हणजे एक अंशाला १.३ मिलिमीटर. आमच्या दोन खुणांत ५ मिलिमीटरचं अंतर आलं, म्हणजे जवळपास ४ अंश.

मोजताना इंजिन कायम चालण्याच्या दिशेनेच फिरवायचं. खूण ओलांडली तर मागे न घेता आणखी दोन पूर्ण फेरे पुढे द्यायचे. मागे फिरवलं की ताण टेन्शनरच्या बाजूला जातो, चेन ढिली होते आणि माप खोटं येतं. झिजलेल्या चेनमध्ये दातही सरकू शकतो. याच कारणाने अशी गाडी पुढच्या गिअरमध्ये असताना मागे ढकलू नये आणि उतारावर नुसत्या गिअरच्या भरवशावर उभी करू नये. 

एक अंशापर्यंतचा फरक आम्ही टूलमधली ढिलाई धरतो. दोन-तीन अंश असेल, फिल्टर स्वच्छ असेल आणि आवाज सेकंदभराचाच असेल तर वेळेवर ऑइल बदलून ५,००० किलोमीटरनंतर पुन्हा मोजतो. ४ अंश आणि सोबत गाइडचे तुकडे असतील तर थांबायला सांगत नाही.

मालकाचा प्रश्न साहजिक होता: "कापसाचे पैसे आले का करू, दोन महिने चालन नाही का?" चालेलही. पण या इंजिनात चेन सुटली की व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांना भिडतात. नशीब चांगलं असेल तर नुसते रॉकर, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणारे छोटे दांडे, मोडून व्हॉल्व्ह वाचतात, नाही तर हेड उतरवावं लागतं. तेव्हा खर्च किटच्या कितीतरी पट होतो, आणि गाडी नेमकी कुठे बंद पडेल ते सांगता येत नाही. ही गाडी गावात रात्री-बेरात्री पेशंट घेऊन सेवाग्रामच्या दवाखान्यात जाणारी. शेवटी हिशेब असा झाला: नोंदणीची १५ वर्षं २०२७ मध्ये पुरी होतील, पुढे पासिंग करून आणखी पाच वर्षं वापरायचा विचार आहे, बाकी इंजिन चांगलं आहे. नागपूरहून जुनं इंजिन आणून बसवायचा पर्याय त्यांनीच काढला होता. त्या इंजिनातली चेन कोणत्या ऑइलवर चालली हे कोण सांगणार? नुसता टेन्शनर बदलायचा सल्लाही त्यांना मिळाला होता. त्याने आवाज महिना-दोन महिने जातो, ४ अंश मात्र तिथेच राहतात आणि पुढे येणारी सूचना तेवढी बंद होते. मजुरी दोन्हीकडे तीच, कारण कव्हर उतरवावंच लागतं. काम पूर्ण किटचं ठरलं: चेन, दोन्ही गाइड, टेन्शनर, क्रँक आणि कॅमची चक्रं, क्रँक सील, नवे बोल्ट. जुन्या चक्राच्या झिजलेल्या दातांवर नवी चेन चढवली तर ती त्याच आकाराला झिजते.

कामातल्या सगळ्या पायऱ्या सांगत नाही, जिथे हमखास चुकतं तेवढंच सांगतो. ड्रायव्हरच्या बाजूचं माउंटिंग (इंजिनचा आधार) काढण्याआधी इंजिनखाली जॅक आणि लाकडाचा ठोकळा हवा. क्रँक पुलीच्या मधल्या बोल्टचे आटे उलटे आहेत. नेहमीच्या दिशेने पाइप लावून जोर केला की तो सुटायच्या ऐवजी आवळत जाऊन तुटतो. बोल्ट सोडताना-आवळताना ती टायमिंगची टूल ठेपा म्हणून वापरायची नाहीत, पुली किंवा चक्र वेगळ्या पट्टीने धरायचं. कव्हरचे बोल्ट वेगवेगळ्या लांबीचे आहेत. पुठ्ठ्यावर कव्हरचं चित्र काढून प्रत्येक बोल्ट त्याच्या जागी खोचून ठेवला की लांब बोल्ट आखूड भोकात जात नाही.

सगळ्यात जास्त वेळ सिलिकॉन साफ करण्यात जातो आणि तो जायलाच हवा. कव्हर आणि तळाचं ऑइल चेंबर सिलिकॉनवर बसतात. जुन्याचे तुकडे आत पडले, किंवा नवं जाड लावल्याने आतल्या बाजूला दोरी निघाली, तर ती पंपाच्या तोंडाशी असलेल्या ऑइलच्या जाळीत अडकते. जाळी तुंबली की दाब पडतो आणि नवी चेन पहिल्याच महिन्यात उपाशी राहते. तीन मिलिमीटरची धार, भोकांच्या आतल्या बाजूने, एकसारखी. चेंबर उतरलेलंच आहे तर जाळी धुवायचीच. या गाडीच्या जाळीत गाइडचे आणखी पंधरा-वीस तुकडे होते. ऑइल पंप कव्हरमध्येच आहे, तो बसवताना आत ऑइल भरून घ्यायचं, कोरडा पंप उशिरा ओढतो.

चेन बसवून टेन्शनरची पिन ओढली, टूल काढली, हाताने क्रँकचे दोन पूर्ण फेरे दिले आणि टूल पुन्हा घातली. आता दोन्हीकडे बोटाने बसली. हे न करता सेल्फ मारायचा नाही. नंतर इंजेक्टरच्या वायरींचे प्लग काढून, दहा-दहा सेकंद थांबत सेल्फ फिरवला, ऑइलचा दिवा विझला, मगच इंजिन चालू केलं.

जुनी आणि नवी चेन एकाच खिळ्याला टांगली तर खालच्या टोकाला पावणेदोन मिलिमीटरचा फरक दिसला, म्हणजे पूर्ण लांबीत साडेतीनचा. टेन्शनरच्या बाजूच्या गाइडवर चेनच्या रुंदीची खाच पडली होती, आणि एका जागी प्लॅस्टिक संपून धातू चकाकत होता. मालकाने ती पट्टी मागून घेतली, शेजारच्यांना दाखवायला.

पहिलं ऑइल १,००० किलोमीटरलाच काढलं, कारण आत उरलेला बारीक कचरा त्यातून निघतो. त्या फिल्टरमध्ये दोन तुकडे मिळाले, पुढच्यात एकही नाही. टायमिंग कव्हरवर पांढऱ्या रंगाने २,४१,३०० लिहिलं आहे, आणि डायरीच्या मागच्या पानावर आता ऑइलच्या तारखेशेजारी दर सोमवारची डिपस्टिकची नोंद असते.